जुन्या पिकअपचा कार्बोरेटर आणि आपल्या उसाचे पेट्रोल



आपल्या शेतात पिकलेला ऊस आता केवळ साखरेच्या पोत्यात जात नाही. तो पेट्रोल पंपावरही जातो. २००१ साली मिरज, मनमाड आणि बरेली या ठिकाणी इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा पहिला प्रयोग झाला. २००३ च्या जानेवारीपासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० म्हणजे वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल काही पंपांवर आले आणि २०३० सालासाठी ठरवलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच पुरे झाले. एक टन उसाच्या रसापासून थेट केले तर सुमारे ७० लिटर, आणि एक टन सी-हेवी मळीपासून सुमारे २२५ लिटर इथेनॉल मिळते. ज्या मळीकडे एके काळी कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिला आज हिशेबात मानाचे पान आहे.

ही झाली जमेची बाजू. पण ताळेबंद म्हटला की दुसरी बाजूही वाचावी लागते. जुन्या पेट्रोल गाड्या बाळगणारे लोक आता सरळ म्हणू लागले आहेत, की "तुमच्या उसाने आमचा कार्बोरेटर खाल्ला." हा आरोप खरा किती आणि खोटा किती, याची शहानिशा आपणच करायला हवी. माल आपला आहे. त्याचे गुणही आपणच सांगायचे आणि पथ्यही आपणच सांगायचे.

यासाठी एक चालतेबोलते उदाहरण मिळाले ते वसईचे.

वसईचे गिऱ्हाईक

आपल्यापैकी अनेकांना वसई म्हटले की किल्ला आणि चिमाजीअप्पा आठवतात. पण वसईचे आणि उसाचे नातेही जुने आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीत केळीबरोबर उसाची नोंद आहे. पुढे ऊस मागे पडला. केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुले राहिली. निर्मळ, गास, सोपारे, आगाशी या पट्ट्यातला माल वर्षानुवर्षे मुंबईच्या बाजाराला जात आला. आज हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून तो वेगळा झाला. त्याआधी २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. तरीही काही वाड्या टिकून आहेत, आणि त्या वाड्यांच्या पडवीत काही जुनी वाहनेही टिकून आहेत.

आपल्या एका सभासदांची मुलगी या पट्ट्यात दिलेली आहे. तिच्या सासऱ्यांची महिंद्राची जुनी पेट्रोल पिकअप आहे, फॉरवर्ड कंट्रोल पद्धतीची, म्हणजे नाक नसलेली. एके काळी केळीचे लोंगर आणि भाजीच्या पाट्या वाहणारी ही गाडी आता फक्त घरच्या कामाला आणि हौसेला उरली आहे. पावसाळा संपला आणि गाडी रुसली. चोक ओढून धरला तरच चाले. चोक सोडला की बंद. पेट्रोलचा वास मात्र सगळ्या केबिनभर. व्याही सभासदांना म्हणाले, "अहो व्याही, तुमच्या कारखान्याचे अल्कोहोल पिऊन आमची म्हातारी झिंगली बघा!" थट्टा खरी, पण थट्टेत प्रश्न होता. सभासदांनी तो कारखान्याकडे आणला. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहोत. आपल्या कार्यक्षेत्रातही जुन्या पेट्रोल जीप, पिकअप आणि स्कूटर आहेतच. त्यांनाही हे लागू आहे.

कार्बोरेटर म्हणजे काय

ज्यांनी गुऱ्हाळ चालवले आहे त्यांना हे यंत्र समजायला वेळ लागणार नाही. चुलवाणात चिपाड जास्त पडले आणि वारा कमी पडला, की काळा धूर निघतो. वारा जास्त आणि चिपाड कमी झाले, की जाळ उचल खात नाही आणि काहील थंड पडते. चुलवाण्या दोन्हींचा मेळ घालतो. इंजिनाचा चुलवाण्या म्हणजे कार्बोरेटर. हवा किती आत येते त्या मानाने पेट्रोल किती द्यायचे हे तो ठरवतो.

त्याची रचना सोपी आहे. खाली किंवा बाजूला एक वाटी असते, तिला फ्लोट चेंबर म्हणतात. तिच्यात पेट्रोल साठते. पेट्रोल वर आले की तरंगता फ्लोट सुई दाबून नळी बंद करतो. पाण्याच्या टाकीतला गोळा जसे पाणी बंद करतो तसेच. मधल्या मुख्य नळीचा घसा अरुंद केलेला असतो. त्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि वाटीतले पेट्रोल बारीक भोकातून ओढले जाते. ते बारीक भोक म्हणजे जेट. खाली थ्रॉटलची चकती असते, ती ॲक्सिलेटरने उघडते. वर चोकची चकती असते, ती थंड इंजिनाला हवा कमी करून पेट्रोल दाट देते.

आता वर सांगितलेला रोग पाहा. चोक ओढल्यावर गाडी चालते, म्हणजे एरवी मिश्रण पातळ पडते आहे. एकतर जेट तुंबला आहे, नाहीतर कुठूनतरी चोरवाटेने हवा शिरते आहे. पेट्रोलचा वास येतो, म्हणजे सुई नीट बसत नाही आणि वाटी भरून वाहते आहे. एकाच कार्बोरेटरला दोन उलटे रोग! म्हणून नुसते जेट फुंकून भागणार नव्हते.

आळ घेण्याआधी चार गोष्टी तपासा

कार्बोरेटर हा गरीब प्राणी आहे. सगळे आळ त्याच्यावर येतात. तो खोलण्यापूर्वी पुढील चार गोष्टी जरूर पाहाव्यात.

पहिली, पेट्रोलचा फिल्टर आणि टाकीचा तळ. दुसरी, पेट्रोल पंप. जुन्या गाडीत तो इंजिनावर बसवलेला, पडद्याचा असतो. पडदा फाटला तर पेट्रोल वर चढत नाही किंवा ऑइलमध्ये उतरते. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच थांबवावी. तिसरी, प्लग आणि पॉइंट. विलिज जातीच्या चार सिलिंडर इंजिनाला पॉइंटची फट साधारण अर्धा मिलिमीटर आणि प्लगची पाऊण मिलिमीटर लागते. चौथी, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांमधले पॅकिंग. इंजिन चालू असताना सांध्यावर ऑइलच्या कुपीने दोन थेंब सोडावेत. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे असे समजावे. ही तपासणी पेट्रोल शिंपडून करणारे मिस्त्री आहेत. तसे कधीही करू देऊ नये. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल म्हणजे घराला आपल्या हाताने काडी लावणे.

वसईच्या गाडीत पंपाचा पडदा मऊ पडून फुगलेला निघाला आणि टाकीच्या तळाशी तांबडा गाळ होता. पॉइंट ठीक होते.

कार्बोरेटर ओळखायचा कसा

खरी पंचाईत येते ती इथे. जुन्या गाडीवर बसलेला कार्बोरेटर तिचाच आहे असे धरून चालू नये. तीस-चाळीस वर्षांत गाडी चार हातांतून फिरलेली असते आणि प्रत्येकाने मिळेल ते बसवलेले असते. दुकानात जाऊन "महिंद्राचा कार्बोरेटर द्या" म्हटले की दुकानदार समोर असेल तो देतो, आणि फसगत होते.

म्हणून आधी इंजिन ओळखा. विलिज जीपचे पेट्रोल इंजिन दोन प्रकारचे, दोन्ही १३४ घनइंचाचे म्हणजे सुमारे २२०० सीसीचे. जुने एल-हेड, ज्यात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात आणि कार्बोरेटर इंजिनाच्या कडेला मॅनिफोल्डवर बसतो. नंतरचे एफ-हेड, ज्यात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि कार्बोरेटर थेट हेडच्या माथ्यावर बसतो. म्हणजे बॉनेट उघडून कार्बोरेटर कडेला की माथ्यावर, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले. एल-हेडला मूळ कार्टर कंपनीचा डब्ल्यूओ जातीचा कार्बोरेटर असे आणि एफ-हेडला वायएफ जातीचा. वायएफवर ९३८ हा आकडा आढळतो, पुढे एस, एसए, एससी, एसडी अशी अक्षरे असतात. आपल्याकडच्या बऱ्याच जीपवर सोलेक्स पद्धतीचा कार्बोरेटरही बसलेला दिसतो.

नंतर नाव शोधा. कार्टर, सोलेक्स, झेनिथ ही नावे बहुधा अंगावरच ओतीव अक्षरांत असतात. रॉकेलचा बोळा फिरवून मळ काढला की दिसतात. झाकणाच्या एखाद्या स्क्रूखाली पत्र्याची लहान चिठ्ठी असते. तिच्यावर खरा नंबर असतो. खोलाखोलीत पहिल्यांदा हरवते ती हीच चिठ्ठी. ज्यांच्या गाडीवर ती अजून आहे त्यांनी आजच तिचा नंबर आर.सी. बुकाच्या पाकिटात लिहून ठेवावा.

मग आकडे वाचा. सोलेक्सच्या नावातला पहिला आकडा, उदाहरणार्थ ३२, हा थ्रॉटलजवळच्या नळीचा मिलिमीटरमधला व्यास असतो. जेटवर कोरलेला आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२५ चा जेट म्हणजे सव्वा मिलिमीटरचे भोक. घशाच्या अरुंद भागाचा आकडा आत वेगळा असतो. कार्टर वायएफची तऱ्हा निराळी. तिच्या जेटमध्ये मीटरिंग रॉड नावाची निमुळती काडी वरखाली होते. म्हणून तिथे जेट आणि काडी यांचा जोडीनेच विचार करावा लागतो.

वसईच्या पिकअपमध्ये इंजिन बॉनेटखाली नाही, दोन सीटच्या मध्ये पेटीखाली आहे. विलिजने एफसी-१५० हा नमुना १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत काढला आणि पुढे महिंद्राने तो आपल्याकडे केला. त्याची ठेवण अशीच. पेटी उचलली तेव्हा कार्बोरेटर हेडच्या माथ्यावर दिसला. म्हणजे इंजिन एफ-हेड. पण कार्बोरेटर मात्र कुठल्यातरी लहान मोटारीचा, मधे जाड पट्टी घालून जुळवलेला! ॲम्बॅसडरचे जुने इंजिन १४८९ सीसीचे आणि हे २२०० सीसीचे. धाकट्याचा सदरा थोरल्याला घातला की काखेत फाटणारच. गाडी चढाला दमते ही जुनी तक्रार होती. तिचे कारण इथे सापडले. त्याशिवाय थ्रॉटलचा दांडा हाताने हलवला तर खडखड हलत होता. दांडा आणि भोक झिजल्यामुळे चोर हवा तिथूनच शिरत होती. वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी जमली होती आणि सुईचे टोक खाल्ले गेले होते.

इतर जातींबद्दल दोन शब्द. मुंबईत जुन्या गाड्यांची मोठी परंपरा आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला. आपल्या साखर धंद्याला ओळखीचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्यात गाड्या तयार होऊ लागल्या. वालचंदनगर आणि रावळगाव येथे साखर करणाऱ्या माणसाने मोटारीही कराव्यात, ही आपल्याला अभिमानाचीच गोष्ट. ज्यांच्याकडे अशा कारखान्यांतली शेव्हरोलेट, बेडफर्ड, डॉज किंवा फार्गो गाडी असेल त्यांनीही क्रम तोच ठेवावा. आधी इंजिन, मग नाव, मग चिठ्ठी, मग आकडे.

बदली घेताना

जुना कार्बोरेटर दुरुस्त करायचा की बदलायचा? वाटी स्वच्छ असेल, दांडा घट्ट असेल तर किट आणून दुरुस्त करावा. किटमध्ये सुई, पॅकिंग आणि पडदा मिळतो. दांड्याचे भोक झिजले असेल तर लेथवर पितळी बुश घालून काम होते, पण कुशल खरादी हवा. वाटीला भेग असेल किंवा बसण्याची बाजू वाकली असेल, तर बदलणेच बरे.

जीपच्या इंजिनासाठी सोलेक्स आणि कार्टर पद्धतीचे नवे कार्बोरेटर बाजारात येतात. कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोर बाजारात जुनेही मिळतात. घेताना पुढील गोष्टी मापून घ्याव्यात, नजरेच्या अंदाजावर जाऊ नये. बोल्टच्या दोन भोकांतले अंतर, मधल्या नळीचा व्यास, थ्रॉटलचा हात कोणत्या बाजूला आहे, चोकची वायर कुठून येते, पेट्रोलच्या नळीचा आटा, आणि वर एअर क्लीनर बसायला किती उंची आहे. फॉरवर्ड कंट्रोल गाडीत शेवटचे माप फार महत्त्वाचे; कार्बोरेटर उंच झाला तर पेटीच बसत नाही. बसण्याची बाजू सरळ पट्टीवर ठेवून पाहावी. पट्टीखालून उजेड दिसला तर माल परत करावा. जुना नमुना पिशवीत घालून दुकानात नेणे हा सगळ्यांत सोपा उपाय.

वसईकरांनी जीपच्या इंजिनासाठीच केलेला सोलेक्स पद्धतीचा कार्बोरेटर घेतला. कारण साधे. त्याचे जेट सुटे मिळतात आणि बदलायला सोपे.

बसवण्याची रीत

१. गाडी मोकळ्या जागी, सपाटीवर उभी करावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची वायर काढावी. विडी-सिगारेट दूर ठेवावी. जवळ वाळूची बादली असावी. केबिनमध्ये इंजिन असलेल्या गाडीत दोन्ही दारे सताड उघडी ठेवावीत, कारण पेट्रोलची वाफ जड असते आणि खाली साठून राहते.

२. सुटे करण्याआधी प्रत्येक दांडी, स्प्रिंग आणि वायर कशी जोडली आहे याचा फोटो काढावा. पूर्वी आपण वहीत आकृती काढत असू. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्याचा उपयोग करावा.

३. पेट्रोलची नळी दोन पान्ह्यांनी सोडवावी. एका पान्ह्याने ओढले तर तांब्याची नळी पिळली जाते.

४. ॲक्सिलेटरची दांडी, रिटर्न स्प्रिंग आणि चोकची वायर सोडवून मग नट काढावेत. कार्बोरेटर निघताच मोकळ्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. आत पडलेला एक वॉशर सगळे इंजिन खोलायला लावतो. आणि शेवटी ते फडके काढायला विसरू नये.

५. जुने पॅकिंग खरवडून काढावे. नवे पॅकिंग कोरडे बसवावे. कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारी जाड पट्टी मूळची असेल तर ती परत घालावी. ती नसेल तर उन्हाळ्यात वाटीतले पेट्रोल उकळते आणि गरम गाडी चालू होत नाही.

६. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. जोर करून आवळले तर बाजू वाकते आणि ज्या चोर हवेसाठी सारा खटाटोप केला तीच परत शिरते.

७. इंजिन चालू करण्यापूर्वी ॲक्सिलेटर दाबून चकती पूर्ण उघडते आणि सोडल्यावर पूर्ण मिटते ना, हे डोळ्यांनी पाहावे. हे न पाहता गाडी सुरू केली आणि चकती उघडी अडकली, तर ब्रेकवर भरवसा ठेवावा लागतो.

८. पंपाचा हाताचा दांडा असेल तर त्याने वाटी भरून घ्यावी. पाच मिनिटे थांबून कुठे पाझर आहे का ते पाहावे. मगच बॅटरी जोडावी.

९. आयडलचा मिक्श्चर स्क्रू हळुवार आत फिरवून टेकवावा, दाबू नये. दाबला की टोकाला कंगोरा पडतो. तिथून दीड फेरा बाहेर घ्यावा. इंजिन चांगले गरम झाल्यावर थोडा आत-बाहेर करून ज्या जागी इंजिन सर्वांत गुळगुळीत चालते तिथे ठेवावा. या कार्बोरेटरांत स्क्रू बाहेर घेतला की मिश्रण दाट होते. मग आयडलचा वेग मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांवर आणावा.

इथेनॉलचा हिशेब

आता मूळ आरोपाकडे येऊ. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच लागते, कारण त्याच्या पोटात ऑक्सिजन आधीच असतो. वीस टक्के मिश्रण केले की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. तो शुद्ध पेट्रोलच्या मापानेच देत राहतो आणि मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ पडते.

उपायही गणितातच आहे. इंधन आठ टक्के वाढवायचे तर भोकाचे क्षेत्रफळ आठ टक्के वाढवावे लागेल, म्हणजे व्यास सुमारे चार टक्के. १२५ चा जेट असेल तर १३० चा. तारेने भोक मोठे करू नये, नंबराचा जेटच आणावा. ज्या गाडीचे मिश्रण पहिल्यापासून जरा दाट आहे तिला काहीच बदलावे लागत नाही. खरी साक्ष प्लग देतो. पाच-सहा किलोमीटर चालवून प्लग काढावा. फिकट तपकिरी रंग असेल तर ठीक. पांढरा फटक असेल तर मिश्रण पातळ. काळी काजळी असेल तर दाट. गुळव्या जसा चाशणीकडे बघून काहील उतरवतो, तसा मिस्त्री प्लगकडे बघून जेट ठरवतो. वसईच्या गाडीचा प्लग पहिल्या फेरीत पांढरट आला. जेट एका घराने वाढवल्यावर रंग आला आणि चोक सोडूनही गाडी चालू लागली.

ॲव्हरेज थोडे कमी होते हेही खरे आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणावर जुळवलेल्या चारचाकी गाडीचे ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटते, असे नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, पण त्याचा फायदा जास्त दाबाच्या इंजिनाला होतो. सातास एक दाबाच्या या जुन्या इंजिनाला त्याचे अप्रूप नाही. हे लपवण्याचे काही कारण नाही.

रबर आणि धातूंचे काय? जुन्या काळचे रबरी पाइप, पंपाचे पडदे, बुचाच्या लाकडाचे फ्लोट आणि वॉशर हे अल्कोहोलपुढे टिकत नाहीत. फुगतात, मऊ पडतात, भुगा होतात. वसईचा पंपाचा पडदा असाच गेला. तेवढा आरोप आपल्याला मान्य करायला हवा. टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज आणि चिकटा अल्कोहोलने सुटतो आणि जेटमध्ये येऊन बसतो, हेही खरे. पण झिजलेला दांडा हा वयाचा दोष आणि लहान मोटारीचा कार्बोरेटर हा मागच्या कोणाच्या तरी काटकसरीचा दोष. ते उसाच्या माथी मारून चालणार नाहीत.

राहिली ती पांढरी भुकटी. ती पाण्याची करणी. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी ते पोटात सामावते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि अल्कोहोल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. वसईची हवा खारी, खाडी आणि मिठागरांची. त्यात जून ते सप्टेंबर गाडी उभी, टाकी अर्धी रिकामी. रिकाम्या टाकीत दमट हवा, हवेतले पाणी पेट्रोलमध्ये, तेच वाटीच्या तळाशी आणि तिथे धातू कुजणार. आपल्याकडे नदीकाठच्या गावांतही हेच घडू शकते.

घरच्या घरी करायची परीक्षा

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे पाहण्याची सोपी रीत आहे. शंभर मिलिलिटरची खुणांची काचेची नळी घ्यावी. ५० पर्यंत पाणी, वर १०० पर्यंत पेट्रोल भरावे. बूच लावून हलवावे, वाफ सोडावी आणि दहा मिनिटे ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. वीस टक्के मिश्रण असेल तर खालचा थर साधारण ६० च्या खुणेपर्यंत जातो. फार वर गेला तर पेट्रोलची तक्रार करण्यासारखी आहे. ही परीक्षा उघड्यावर, विस्तवापासून दूर करावी आणि उरलेले मिश्रण गाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नये.

कायद्याची बाजू

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, नूतनीकरणाची पाच हजार. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. आपल्याकडे कित्येक जीपची पेट्रोल इंजिने काढून डिझेल बसवली गेली. म्हणून जिच्यात मूळ पेट्रोल इंजिन शाबूत आहे तिला जपण्यात शहाणपण आहे. कार्बोरेटरसाठी कंटाळून इंजिनच काढून टाकणे म्हणजे खुरीला काटा लागला म्हणून बैल बाजारात नेण्यासारखे.

पावसाळ्यापूर्वीची पथ्ये

गळीत हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर, बॉयलरच्या नळ्या, पंप सगळे खोलून, पुसून, तेलपाणी करून ठेवले जाते. कोणी असे म्हणत नाही, की यंत्रे उभीच आहेत, राहू द्या तशीच. जुन्या गाडीलाही हाच न्याय लावावा.

मे अखेर रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि सुई इथेनॉलला टिकणाऱ्या जातीची बसवावी. दुकानात तसे विचारून घ्यावे. गाडी उभी करायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटी रिकामी होते. टाकी एकतर पूर्ण भरून ठेवावी, नाहीतर पूर्ण रिकामी करून पुसून ठेवावी. अर्धवट ठेवू नये. टाकीचे झाकण घट्ट असावे. पंधरवड्यातून एकदा गाडी सुरू करून फिरवून आणावी. पावसाळ्यानंतर पहिले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावे. तळाला वेगळा थर दिसला तर ते वापरू नये.

बंधूंनो, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा विचार आपल्या देशाला नवा नाही. १९४८ सालीच त्यासाठी कायदा झाला होता. तो विचार प्रत्यक्षात यायला आपल्या पिढीपर्यंत वाट पाहावी लागली. आता तो आला आहे आणि आपल्या उसाच्या बिलाशी त्याची गाठ पडली आहे. अशा वेळी गावात कोणाची जुनी गाडी अडली तर "आमचा काय संबंध" म्हणून हात झटकू नयेत. पाइप, पडदा, सुई आणि एक नंबर मोठा जेट, एवढ्या चार वस्तूंनी बहुतेक गाड्या मार्गी लागतात, हे त्याला सांगावे. माल विकणाऱ्याने त्याचे पथ्यही सांगितले, की गिऱ्हाईक टिकते. सहकाराचा व्यवहार असाच वाढत आला आहे.